शब्दचर्चा : हयगय, दायित्व आणि 'टाळावे'

भाषांतरवाली : अपस्मारावरच्या व्हॅल्प्रोएट या औषधाचं पत्रक मराठीत करतेय. गरोदरपणात ते घेतलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग आढळतं आणि दहातल्या तीन-चार मुलांना पुढे बोलण्या-शिकण्यात अडचणी येतात. 'हे न सांगता औषध लिहून दिल्यास डॉक्टरांची लायबिलिटी' असा मथळा आहे. 'जबाबदारी' घरगुती वाटते. 'दायित्व' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, "हे बँकेतलं ना?" शिवाय निग्लिजन्सला निष्काळजीपणा, हलगर्जीपणा की हयगय?

कोर्टाची पायरी : सासूबाईंचं बरोबर आहे. दायित्व म्हणजे देणं. दायाद (वारस), दायभाग (वारशाचा वाटा) यांतला तो 'दाय'. जबाबदारीत 'जबाब' आहे, म्हणजे विचारल्यावर उत्तर देणं. दोन्ही एकत्र येतातच असं नाही. थॅलिडोमाइड पश्चिम जर्मनीत 1957 साली झोपेचं औषध म्हणून आलं. गरोदर बायकांनी ते मळमळीवरही घेतलं. 1961 अखेर मागे घेतलं, तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. औषध काढणाऱ्या कंपनीच्या माणसांवरचा जर्मनीतल्या आखेनचा खटला 1968 ते 1970 चालला आणि निकालाविना मिटला. कंपनीने दहा कोटी मार्क द्यायचं कबूल केलं. माफी मागितली ती 2012 साली! देणं आधी, जबाब चाळीस वर्षांनी.

आणि 'दाय'चं गर्भाशी नातं जुनंच आहे. हिंदू वारसा कायद्यात (1956) गर्भातल्या मुलालाही वाटा मिळतो, फक्त ते जिवंत जन्माला यायला हवं. ब्रिटनने थॅलिडोमाइडनंतर 1976 साली गर्भात झालेल्या इजेबद्दल मुलालाच दावा लावायचा हक्क दिला. अट तीच, जिवंत जन्म. त्यामुळे मथळ्यात दायित्वच ठेवा.

जुनी वही : माझं मत 'हयगय'ला. व्याकरण बघा, हयगय नेहमी कशाची तरी असते. तब्येतीची हयगय, पाहुण्यांची हयगय. जे जपणं आपल्याकडे आहे त्याचीच हयगय होते. शेजाऱ्याच्या गाईची मी हयगय करू शकत नाही. निष्काळजी माणूस स्वभावानेच तसा असतो. हलगर्जी हा बातमीच्या मथळ्यातला शब्द, त्यात राग जास्त. पोलिसांच्या कागदात अजून 'हयगयीने व अविचाराने' लिहितात ते उगाच नाही.

कोर्टाची पायरी : कायदाही तेच विचारतो : काळजी घेणं तुमच्याकडे होतं का? पण दोन पायऱ्या पाळा. भरपाईसाठी साधी हयगय पुरते; 1995 पासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात. फौजदारीसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात घोर हयगय हवी असं म्हटलं. एका जागी 'घोर' गाळलंत तर अर्थच फिरेल.

गोळीबार (पेशाने डॉक्टर) : आमच्या बाजूनेही एक. पत्रकात 'गरोदरपणी टाळावे' लिहू नका. टाळावे म्हणजे रात्री दही टाळावे, तसं वाचतात. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन गरोदरपणी सरळ 'वर्ज्य' आहे. व्हॅल्प्रोएटचं तसं नाही. काही जणींना दुसरं औषध लागूच पडत नाही, आणि 'वर्ज्य' वाचून कुणी गोळी एकदम थांबवली तर झटके येऊन आई आणि बाळ दोघांनाही धोका. 'दुसरे औषध लागू पडत नसेल तरच. स्वतःहून बंद करू नये' असं लांबलचक लिहा. शब्द वाचवायची ही जागा नव्हे.

भाषांतरवाली : पटलं. एक राहिलं, इन्फॉर्म्ड कन्सेंट. एका सरकारी छापाच्या अर्जात 'सूचित संमती' दिसलं.

जुनी वही : मराठीत सूचित म्हणजे आडून सुचवलेलं. नेमकं उलटं झालं की!

भाषांतरवाली : मग 'समजून दिलेली संमती' की 'समजावून घेतलेली संमती'?

कोर्टाची पायरी : दुसरी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या समीरा कोहली निकालात उपचार, पर्याय आणि धोके सांगण्याचं काम डॉक्टरांवर टाकलंय. अगदी दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगायलाच हवेत असं नाही, पण दहात एक म्हणजे काही दूरचा धोका नव्हे. 'समजून दिलेली' म्हटलं की समजून घ्यायचं ओझं बाईच्या डोक्यावर जातं.

गोळीबार : 'समजावून घेतलेली'ला माझंही मत. सही मात्र आम्ही 'येथे करा'वरच घेतो.