मदत हवी आहे : दगडी पाल्याचा रस पोटात घेतलेला चालतो का?

मंडळी, जरा घाईनेच विचारतेय. दगडी पाला (काही जण एकदांडी म्हणतात, काही कंबरमोडी) खरचटल्यावर चोळून लावतात, एवढंच मला माहीत होतं. आता मावशीने आईला सांगितलंय की त्याचा रस अनशापोटी घेतला की साखर उतरते. आई आठ दिवस रोज अर्धी वाटी घेतेय, आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी चालूच आहे. परवा सकाळी तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर खाल्ली तेव्हा कुठे बरं वाटलं. हे रसामुळे का?

शिवाय मावशीच्या जुडीत निळसर-जांभळ्या गोंड्यांची झाडंही आहेत. पान चुरगळलं की उग्र वास येतो. मावशी म्हणते सगळा एकच पाला. मला पटत नाहीये.

प्रतिसाद १
रस आजच बंद करा. गोळी मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना आजच फोन करून रसाचंही सांगा. ग्लिमेपिराइड घेऊन खाणं लांबलं तरी साखर अशी घसरते, म्हणजे सगळा दोष पाल्यावर ढकलता येत नाही. पण दगडी पाल्याच्या अर्काने उंदरांची साखर उतरलेली प्रयोगांत दिसली आहे, तेव्हा दोन्ही एकदम नकोच. पुन्हा तसं झालं तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी परत मोजा. या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे दिवसभर लक्ष हवं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रतिसाद २
मला त्या गोंड्यांचीच जास्त काळजी वाटते. दगडी पाला जमिनीलगत पसरतो. लांब, बोडक्या दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं, कडेला फिक्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. तुम्ही सांगताय ती बहुधा ओसाडी, ॲजेरॅटम. ती उभी वाढते, गोंडे झुबक्याने येतात, पाकळ्या नसतात. तीही जखमेवर लावतात, म्हणून घोळ होतो. पण ओसाडीत पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची विषं असतात. त्यांनी यकृतातल्या बारीक शिरा बंद होतात, आणि थोडं थोडं घेतलं तरी इजा साठत जाते. काढा केला म्हणून सुटका नाही. १९७०च्या दशकात अफगाणिस्तानात गव्हात याच जातीची विषं असलेल्या दुसऱ्या एका तणाचं बी मिसळलं गेलं आणि हजारो लोकांची यकृतं बिघडली होती.

पोट फुगणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं यांवर नजर ठेवा. यकृताची रक्ततपासणी करून घ्यायची का, तेही विचारा. जुडी टाकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागेल.

धागाकर्ती
फोन केला. उद्या सकाळी रक्त द्यायला बोलावलंय, जुडीही घेऊन या म्हणाले. एका दांड्यावर एक फूल असलेली फक्त चारच निघाली, बाकी सगळे गोंडे. मावशीला अजून सांगितलेलं नाही.