शांतता समितीत चर्चची खुर्ची कशाला?

चाटी गल्ली (धागाकर्ता):

गणपती तोंडावर आले की आपल्याकडे शांतता समितीची बैठक लागते, सोलापूरकरांना हे नव्याने सांगायला नको. मधोमध साहेब, एका अंगाला मंडळांचे अध्यक्ष, दुसऱ्या अंगाला मोहल्ल्यातले बुजुर्ग आणि पार कडेच्या दोन खुर्च्यांवर एक फादर आणि एक पाळकसाहेब. यंदा वडिलांना सोडायला गेलो आणि मागेच बसून राहिलो. दीड तास डॉल्बी, मिरवणुकीचा मार्ग, कमानी आणि खड्डे. उठता उठता कुणाला तरी आठवलं म्हणून पाळकसाहेबांना बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "प्रभू सगळ्यांना सद्बुद्धी देवो." टाळ्या, चहा, फोटो.

मी ख्रिस्ती घरातला, जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळीतला. मला त्या वाक्याची लाज वाटली. शास्त्रात 'जे शांती करणारे ते धन्य' असं लिहिलंय. करणारे. मागणारे नाही.

आणि करून दाखवलेलं आहे हो चर्चनं. १९६४ साली नागालँडमध्ये तिथल्या बाप्टिस्ट चर्च कौन्सिलने पुढाकार घेऊन शांती मंडळ उभं केलं. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चलिहा आणि मायकेल स्कॉट हे पाद्री असे तिघं त्यात होते. ६ सप्टेंबरला नागा बंडखोर आणि भारतीय सैन्य यांच्या बंदुका थांबल्या. मोझांबिकमध्ये पंधराएक वर्षं यादवी चालली होती. रोममधल्या सांत एजिदियो या कॅथलिक लोकांच्या संघटनेनं दोन्ही बाजूंना आपल्या मठात बसवलं, दोन वर्षं बोलणी चालवली आणि ४ ऑक्टोबर १९९२ ला करार झाला. त्यांच्याकडे ना फौज होती ना पैसा. दोघांनाही चालणारा तिसरा माणूस, एवढंच त्यांचं भांडवल.

सोलापुरात तो तिसरा माणूस आपण आहोत. मग कडेच्या खुर्चीवर का?

कडक भाकरी:

भाऊ, तिसरा म्हणजे पंच, हे कुणी ठरवलं? गल्लीत दोघं भांडत असताना तिसऱ्याला बहुतेक वेळा फक्त मार बसतो.

उदाहरणं तू तुझ्या सोयीची निवडलीस, आता माझी ऐक. रवांडा, १९९४ चा वंशसंहार. आफ्रिकेतल्या सगळ्यात जास्त ख्रिस्ती देशांपैकी एक. तिथं अल्पसंख्य तुत्सी जमातीचे लोक जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले आणि चर्चमध्येच मारले गेले. न्तारामाचं चर्च आज स्मारक आहे. मारणारे आणि मरणारे एकाच उपासनेला बसणारे होते, काही ठिकाणी तर पाद्रीही सामील होते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारे आर्चबिशप डेसमंड टुटू होते, मान्य. पण वर्णभेदाला बायबलचा आधार शोधून देणारं डच रिफॉर्म्ड चर्चही तिथलंच. नागालँडची बोलणी पुढे फिसकटली ते तू लिहिलं नाहीस. आणि नव्वदच्या दशकात मणिपुरात नागा आणि कुकी एकमेकांची गावं जाळत होते तेव्हा दोन्हीकडे रविवारी घंटा वाजतच होती.

समाज जसा, तसं त्याचं चर्च. देवळाचं आणि मशिदीचंही तेच. चर्चचं वेगळं कौतुक कशाला?

सात रस्ता:

+१ कडक भाकरी.
शांततेचं बोलायचं तर आधी वस्त्यांमधल्या प्रार्थना सभा बंद करा. आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून बरं करतो म्हणायचं आणि सहा महिन्यांनी घरातले देव बाहेर. निम्मा तणाव तिथूनच सुरू होतो. मग तुम्हीच पंच होणार?

चाटी गल्ली:

@सात रस्ता, रोग बरा करण्याच्या नावाखाली कुणी फसवत असेल तर मी तुमच्या बाजूने. आमच्या मंडळीतले म्हातारे या सभांवर तुमच्यापेक्षा जास्त चिडतात. पण कुणी आपल्या मनाने देव बदलला तर त्यात शेजाऱ्याची शांतता का मोडावी, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

@कडक भाकरी, रवांडा वाचून गप्प झालो. उत्तर देतो, पण रात्री. आत्ता दुकानात गिऱ्हाईक आहे.

जुना वकील:

विषय भरकटण्याआधी एक बारीकशी नोंद. ख्रिस्ती मंडळींचे जागांचे, विश्वस्तांचे, निवडणुकांचे दावे मी निम्मं आयुष्य कोर्टात पाहिले. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातच सांगितलंय की वेदीवर अर्पण ठेवायच्या आधी भावाशी समेट कर. माझे अशील अर्पण ठेवून थेट तारखेला यायचे.

उमेदपूर:

मी सहसा लिहीत नाही. नावावरून जुन्या लोकांनी ओळखलं असेल, सेटलमेंटचा आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. दिवसाची हजेरी, बाहेर जायला परवाना, गिरणीत काम. या वसाहतीचा कारभार काही वर्षं अमेरिकन मराठी मिशनकडे होता. सरकारला स्वस्तात पडायचं आणि मिशनला माणसं मिळायची.

आता तुम्ही सगळे 'शांतता' हा शब्द वापरताय. माझ्या पणज्यानं तो आतून ऐकला. शहरातल्यांना रात्री निवांत झोप लागावी म्हणून हे लोक तारेच्या आत. शहराच्या दृष्टीनं फार शांत काळ होता तो. चोऱ्या झाल्या की पहिली हजेरी आमची. वसाहतीचा मिशनरी साहेब भला माणूस होता असं घरात सांगतात, ओरडायचा नाही, रविवारी बाजाची पेटी वाजवायचा. पण हजेरीचं पुस्तक त्याच्याच हातात होतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर चाटी गल्लीवर अन्याय होईल. पणजीला अक्षर तिथंच आलं. आमच्या सात पिढ्यांत पहिलं. पोरींना शाळेत घालायचं हे डोक्यात तिथूनच शिरलं. म्हातारी शेवटपर्यंत मरीआईला कोंबडं द्यायची आणि झोपताना 'आमच्या स्वर्गातील पित्या'ही म्हणायची. तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. तारा गेल्या. गावाच्या डोळ्यातली तार अजून आहे, पण तो वेगळा धागा.

माझा मुद्दा इतकाच की चर्चनं शांतता राखली का, असं विचारू नका. कुणाची राखली ते विचारा.

कडक भाकरी:

मानलं. दिवसभरातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

नगरकर:

उमेदपूर यांना नमस्कार. त्यांच्यापुढे हे थोडं पुस्तकी वाटेल.

मिशन आणि मराठी ख्रिस्ती माणूस यांत फरक करायला हवा. ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण हयातभर मिशनऱ्यांच्या साहेबीपणाशी त्यांचं जमलं नाही. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी चर्चमध्ये आणलं. १९१७ ला मिशनमधून बाहेर पडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. सात रस्ता यांची जी तक्रार आहे, तिच्यावर एका ब्राह्मण ख्रिस्ती कवीनं शंभर वर्षांपूर्वी शोधलेलं हे उत्तर आहे.

कडक भाकरी:

आणि दरबाराचं पुढं काय झालं तेही सांगा की.

नगरकर:

टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. तुमचा रोख कळला.

विणकर:

मी पूर्व भागातला, घरात तेलुगू, धंद्यात मराठी, रिक्षात कन्नड. धर्माचं मला फार कळत नाही. एक प्रसंग सांगतो, चर्चचं नाव घेत नाही.

आमच्या लहानपणी एका चर्चचं पटांगण आम्हा पोरांना मोकळं होतं. तीन वस्त्यांची पोरं तिथं टेनिस बॉलनं खेळायची. बॅट एकाची, स्टम्प म्हणून चर्चचीच मोडकी खुर्ची. कोण कुठला हे फक्त जेवायच्या वेळी कळायचं, कारण हाका वेगवेगळ्या भाषांत यायच्या. रन आउटवरून डोकी फुटली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच, कारण दुसरं मैदान नव्हतं.

काही वर्षांपूर्वी मोबाईलवरच्या कुठल्यातरी स्टेटसवरून दोन पोरांची तिथंच जुंपली. बाहेरची माणसं आली. दगडफेक नाही झाली, पण होता होता राहिली. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप आणि पाटी: 'शांतता राखा. आत येण्यास मनाई.' ते कुलूप अजून आहे.

पटांगणात आता खरंच फार शांतता आहे. गवत वाढलंय. तीन वस्त्यांची पोरं तीन ठिकाणी खेळतात आणि एकमेकांची नावं त्यांना माहीत नाहीत. चाटी गल्ली, तुला मोझांबिक दिसतं, मला ते कुलूप दिसतं.

सात रस्ता:

काय बे विणकर, मी पन तिथंच खेळलोय की! डावीकडं चिंचेचं झाड, त्यावर बॉल अडकला की आउट. तेच ना?

विणकर:

तेच. आउट नव्हतं, तू रडका होतास म्हणून नियम केला होता.

रेल्वे लाइन्स:

कुलूप लावणाऱ्यांपैकी एक मीच. त्या वर्षी कमिटीत होते. म्हणून आता लिहावंच लागणार.

तुम्ही सगळे मैदानाबद्दल हळवे झालात. आम्ही चाळीसेक कुटुंबं. त्या संध्याकाळी आत भगिनी मंडळाची प्रार्थना चालू होती, बहुतेक साठीच्या पुढच्या बायका. बाहेर शंभर-दीडशे माणसं. आम्ही दिवे घालवून बसलो होतो. दोन्ही बाजूंना वाटत होतं की दुसऱ्या बाजूच्या पोरांना आम्ही आत लपवलंय. एका बाजूनं तर थेट विचारलं, 'तुम्ही कुणाचे?' मोझांबिकवाल्या भावाला विचारते, या प्रश्नाचं उत्तर सांगा. 'दोघांचेही' म्हटलं असतं तर?

ओडिशातल्या कंधमाळमध्ये २००८ ला ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, ते आम्ही वाचलेलं आहे. थोडे असण्याची भीती काय असते हे बहुसंख्याकांना सांगून कळत नाही. कुलूप लावलं कारण आमच्याच म्हाताऱ्या बायकांनी प्रार्थनेला यायचं बंद केलं होतं. पाळकसाहेब सद्बुद्धीचं एक वाक्य बोलून बसतात तेही याच कारणानं. शहाणा माणूस आहे. दुसरं वाक्य बोलले तर ते कुणाच्या तरी बाजूचं धरलं जाईल.

चाटी गल्ली:

ताई, मला हे माहीत नव्हतं. माझ्या पहिल्या पोस्टमधला 'लाज' हा शब्द मागे घेतो.

तरी अडतंय. उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट संघर्षाचं थोडं वाचलं. तिथं अ‍ॅलेक रीड नावाचे एक कॅथलिक पाद्री होते. शत्रुपक्षांचे निरोप गुपचूप इकडून तिकडे नेत राहिले, कित्येक वर्षं. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराची जमीन त्यातून तयार झाली. २००५ मध्ये आयआरए या तिथल्या बंडखोर संघटनेनं शस्त्रं निकामी केली तेव्हा साक्षीला हेच रीड होते आणि शेजारी हॅरल्ड गुड हे मेथडिस्ट पाळक, म्हणजे पलीकडल्या पंथाचे. तिथं विचारतच होते की, 'तुम्ही कुणाचे?' रीड हे उघड उघड एका बाजूचे होते. म्हणजे कुणाचेच नसणं ही अट नसावी. दोन्ही घरांत ओळख असणं ही असावी. कडक भाकरी, रवांडाचं माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही.

कडक भाकरी:

बरं आहे की हे उत्तर. फक्त एक जोड. त्याच आयर्लंडात कॅथलिक पोरं एका शाळेत आणि प्रॉटेस्टंट पोरं दुसऱ्या, आणि ही विभागणी टिकवण्यात चर्चचाच मोठा हात. एक पाद्री वीस वर्षं निरोप नेतो, कारण त्याचीच संस्था पोरांना पाचव्या वर्षी वेगळं करते. म्हणून मी संस्थेला टाळ्या वाजवत नाही. विणकरच्या कुलपाकडे तसं बघा.

ताई, तुमच्यावर रोख नाही. त्या जागी मीही कुलूपच लावलं असतं.

उमेदपूर:

तार आणि कुलूप यांत फरक आहे. तार दुसऱ्याला आत कोंडायला, कुलूप दुसऱ्याला बाहेर ठेवायला. पण किल्ली दोन्ही वेळा एकाच्याच हातात. ताई, भीती होती तेव्हा लावलंत, बरोबर केलंत. आता किती वर्षं झाली?

रेल्वे लाइन्स:

सहा.

जुना वकील:

सहा वर्षांत आमच्याकडे दाव्याची नोटीसही बजावून होत नाही. तरी विचारतो, खिडक्यांना जाळी बसवायचा खर्च कुणी काढला आहे का? बहुतेक भांडणं तत्त्वावर सुरू होतात आणि काचेच्या बिलावर अडतात.

रेल्वे लाइन्स:

काढला होता. कमिटीत मंजूर झाला नाही. 'पोरं आपली नाहीत, खर्च आपण का करायचा' असं एक जण म्हणाले.

सात रस्ता:

जाळीचं मी बघतो. मेहुण्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. उगं प्रार्थनेला बोलावू नका म्हणजे झालं.

रेल्वे लाइन्स:

बोलावणार नाही. पण आमची उपासना चालू असताना सिक्स मारायचा नाही.

विणकर:

कधी यायचं?

रेल्वे लाइन्स:

येत्या रविवारी उपासना साडेदहाला सुटते. त्यानंतर या, आधी गवत काढावं लागेल. विळे घेऊन या. किल्ली माझ्याकडे नाही, सेक्रेटरींकडे आहे आणि ते 'पोरं आपली नाहीत' म्हणणारे तेच. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाते.

चाटी गल्ली:

मी येऊ का बरोबर?

रेल्वे लाइन्स:

नको. तुम्ही मोझांबिक काढाल.