थरार, रील आणि ‘देव सांभाळील’: तरुण संघात काय बोलावं?

नवापूर_तरुणसंघ
सर्वांना सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात 15 ते 22 वयाची पोरं-पोरी आहेत. पाऊस लागला की तीन उद्योग वाढतात. सुरत महामार्गावर पुढचं चाक उचलून गाडी पळवणं, उकाई धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात पुलावरून उड्या, आणि उभ्या मालगाडीवर चढून रील. अडवलं की उत्तर तयार असतं, ‘मरण प्रभूच्या हाती, वेळ आल्याशिवाय कोणी जात नाही.’ एक-दोघं तर बायबलातलं स्तोत्र 91 (देवदूत तुला सांभाळतील, असं सांगणारं) तोंडपाठ म्हणून दाखवतात. वडीलधारी सरसकट ‘पाप’ म्हणून मोकळी होतात, मग पोरं सभेलाच फिरकत नाहीत.

थराराची ओढच पाप आहे का? प्रेषित पौलाने जीव धोक्यात घातला तो चालला, मग यांचं का चालत नाही? शिवाय ऑगस्टमध्ये तोरणमाळची सहल मागताहेत, न्यावी की नाही? पोरांपुढे ठेवता येईल असं काही सांगा.

धाब्याचं_घर
भाऊ, स्तोत्र 91 म्हणणाऱ्यांना आधी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 4 था अध्याय उघडायला लावा. मंदिराच्या शिरोभागी उभं करून सैतान येशूला हेच स्तोत्र ऐकवतो. 11 व्या वचनातलं ‘तुझ्या सर्व मार्गांत’ एवढं मात्र सोयीने गाळतो. देवदूतांनी सांभाळायचं ते माणूस आपल्या वाटेने चालत असताना. शिरोभागावरून खाली जायची वाट नव्हती. येशू उत्तर देतो ते बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातून (6:16): देवाची परीक्षा पाहू नको. हे वचन मस्सा या ठिकाणाची आठवण देतं. तिथे पाण्यावाचून कासावीस झालेले लोक ‘परमेश्वर आमच्यात आहे की नाही’ असं विचारत होते (निर्गम 17). पुलावरच्या पोराला तर तहानही लागलेली नसते.

ओढीला पाप म्हणू नका, ते शास्त्राला धरून नाही. उपदेशक 11:9 तरुणाला मनमुराद आनंद कर म्हणतो आणि त्याच दमात देव जाब विचारील असंही सांगतो. शौल राजाचा मुलगा योनाथान हातापायांनी कडा चढून शत्रूच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या ठाण्यावर जातो (1 शमुवेल 14), त्याला कोणी रागावत नाही.

तरुणांसाठी मी मुख्य पाठ घेईन तो 2 शमुवेल 23 चा. दावीद राजा सहज बोलून जातो, बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी कोणी पाजेल का? तिघे वीर शत्रूची छावणी फोडून पाणी आणतात. दावीद ते पीत नाही, परमेश्वरापुढे ओततो, कारण ते त्या माणसांचं रक्त आहे असं तो म्हणतो. आपल्या लहरीपायी दुसऱ्याने जीव टांगला हे त्याला गिळवत नाही. रील काढणाऱ्याला हे वाचून दाखवा आणि गाडीवर मागे कोण बसलं होतं ते विचारा. मोबाइल धरून रस्त्याच्या मधोमध कोण उभं होतं, तेही.

पौलाचं म्हणाल तर प्रेषितांची कृत्ये 27 वाचा. उपासाचा दिवस उलटलेला, म्हणजे समुद्रप्रवासाचा हंगाम सरत आलेला. कैदी म्हणून जहाजावर असलेला पौल बजावतो की पुढे गेलात तर माल, जहाज आणि जीव तिन्ही जातील. पहाऱ्यावरचा रोमी अधिकारी (शताधिपती) तांडेलाचं आणि जहाजमालकाचं ऐकतो. 276 माणसं असलेलं ते जहाज मेलिता बेटापाशी फुटतं. लुस्त्रात दगडमार खाऊन पुन्हा त्याच गावात शिरणारा हाच पौल. दिमिष्कात जीवावर बेतलं तेव्हा पाटीत बसून तटावरून उतरून निसटला तोही हाच. काम अडलं तर जीव द्यायला तयार, आणि टळण्यासारखं असेल तर टाळणारा.

1527 साली जर्मनीतल्या विटेनबर्गात प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन लूथरने लोकांच्या सेवेसाठी गाव सोडलं नाही. त्याच सुमारास त्याने ‘प्लेगपासून पळावं का’ यावर पत्र लिहिलं. औषध न घेणाऱ्यांना आणि मर्दुमकी दाखवायला रोगाच्या घरात शिरणाऱ्यांना त्यात तो देवाची परीक्षा पाहणारे म्हणतो. आपली गरज नाही तिथे आपण जाणार नाही आणि शेजाऱ्याला गरज लागली तर मागे हटणार नाही, असा त्याचा हिशेब.

आता अनुवाद 22:8. नवं घर बांधलंस तर धाब्याला (सपाट छताला) कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर दोष तुझ्या घराला. खानदेशात हे वेगळं समजवावं लागणार नाही, उन्हाळ्यात धाब्यावरच झोपतात लोक. धाब्यावर जाऊ नको असं मोशे म्हणत नाही. वर माणसं जाणारच हे धरून तो कठडा सांगतो, आणि तोही मालकाला. त्यामुळे पोरांच्या आधी बापांची सभा घ्या.

गॅरेज_शहादा
बापांच्या सभेत हे सांगा. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 199अ आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. 25,000 रुपये दंड, 3 वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावरच.

गाडी उचलण्याचं यंत्रातलं गणित साधं आहे. पुढचं चाक हवेत गेलं की हँडल आणि पुढचा ब्रेक दोन्ही बाद. चाक खाली आणायला उरतो पायातला मागचा ब्रेक, आणि मागे झुकलेल्या माणसाचा पाय पेडलवर नीट बसत नाही. मागे दोस्त बसला असेल तर वजन आणखी मागे जातं आणि गाडी पाठीवर उलटते. घाबरून रेस एकदम सोडली तर चाक दणकून आपटतं. तेव्हा हँडल जरा वाकडं असलं की फडफड सुरू. 100-125 सीसीच्या गाडीत अशा दणक्यांनी आधी कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) जातो, मग पुढच्या शॉकअपचं सील. पोरं सील बदलतात, कोनसेट तसाच ठेवतात. तो सैल कोनसेट पुढे साध्या खड्ड्यातसुद्धा पाडतो.

वेगाचं फळ्यावर लिहून दाखवा. ताशी 40 ला ब्रेकपर्यंत हात जायच्या एका सेकंदात 11 मीटर जातात, मग चांगले ब्रेक आणि कोरडा रस्ता असेल तर थांबायला साधारण 10 मीटर. 80 ला तेच 22 आणि 41. वेग दुप्पट, ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट. ओल्या डांबरावर याहून जास्त. कोंडाईबारी घाटाच्या उतारावर रात्री उसाचा ट्रॅक्टर समोर आला, ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, तर 63 मीटर कुठून आणणार?

हेल्मेट आयएसआयचं घ्या, आयएस 4151 छापलेलं. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जावीत, जास्त नाही. मागून वर ढकलून पाहा, डोक्यावरून निघालं तर ते काही कामाचं नाही. एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोल दबलेला असतो. बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या.

भुसावळ_ताई
मालगाडीबद्दल लिहिते. डब्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तार धरावी लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी घेऊन अंगात शिरते. रेल्वे 2 मीटर अंतर राखायला सांगते. डब्याच्या टपावर उभं राहिलं की ते उरत नाही, त्यात हात वर किंवा सेल्फी स्टिक असली की संपलंच. गाडी उभी असली तरी तार जिवंत असते, हे पोरांना माहीत नसतं. भाजून कोणी टपावर पडलं तरी वर चढू नका, स्टेशन मास्तरला कळवून आधी वीज बंद करून घ्या.

आम्ही कॅथलिक, आणि आमच्या धर्मशिक्षण-ग्रंथात (1992) परिच्छेद 2290 मध्ये हे सरळ लिहिलेलं आहे: दारूमुळे किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर, समुद्रात वा हवेत स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा गंभीर दोष. त्यामुळे ‘शास्त्रात बाइक कुठे आहे’ हा वाद आमच्याकडे लवकर मिटतो.

आणखी एक. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी 2005 मध्ये गाडी चालवण्याचा खेळ देऊन पाहिलं. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं एकट्यापेक्षा जास्त धोका पत्करत होती, मोठ्यांमध्ये तो फरक जवळपास दिसला नाही. म्हणजे एकेकट्याला बोलावून केलेला उपदेश निम्मा वाया. गट फोडू नका, गटातल्या एका वजनदार पोराला ‘आज गाडी नको’ म्हणायची जबाबदारी द्या.

अमळनेरकर
भो, हाई सगळं बरोबर शे, पण नुसतं ‘नको’ सांगून पोरं थांबत नाहीत. जोखमीचं काम द्या. 18 पूर्ण आणि वजन 45 किलोच्या वर असेल तर रक्तदान. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना रक्त लागतच राहतं. पोहता येणाऱ्यांसाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणाची चौकशी करा. पूर आला की गावाला तीच पोरं हवी असतात.

नवापूर_तरुणसंघ
2 शमुवेल 23 आणि धाबं, दोन्ही घेतो. तोरणमाळचं कोणी बोललं नाही. पिकअप ठरवायचा विचार आहे, 30 जण. बुडणाऱ्याला कसं काढायचं तेही सांगा, उड्या काही लगेच बंद होणार नाहीत.

सातपुडा_वाटाड्या
पिकअप नको. मालवाहू गाडीत माणसं बसवली तर विम्याचे वांधे होतात आणि घाटात ती उलटली की बाजूला आधार काही नसतो. प्रवासी परवान्याची बस घ्या. उतरताना ड्रायव्हर न्यूट्रल करून इंजिन बंद करत असेल तर गाडी थांबवायला लावा. इंजिन बंद असलं की ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत मिळत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर पडून लायनर तापतात, मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

ऑगस्ट टाळा. धुकं असतं, दरड येते आणि सीताखाई दरीच्या काठाचा दगड शेवाळलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. काठापासून 5 मीटरवर चुन्याची रेघ मारा, फोटो रेघेच्या अलीकडून. दर 8 मुलांमागे एक मोठा माणूस, आणि घाट दिवसाउजेडी उतरायचा.

पाण्याचं सांगतो. फुगवट्यात बुडीत झाडांची खोडं आणि जुन्या भिंती आहेत, आणि पातळी बदलत राहते. मागच्या महिन्यात खोल असलेली जागा या महिन्यात खोल असेलच असं नाही, त्यामुळे सूर मारणं पूर्ण बंद, मान मोडते. तापीवर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आपल्याकडे ऊन असतानाही पाणी चढतं, कारण पाऊस वर बऱ्हाणपूरकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात झालेला असतो.

बुडणाऱ्याच्या मागे उडी मारू नका, तो मिठी मारून दोघांनाही नेतो. 5 लिटरचा तेलाचा रिकामा डबा घ्या, फेकता यावा म्हणून त्यात पेलाभर पाणी घालून झाकण घट्ट लावा, आणि कडीला 20 मीटर नायलॉनची दोरी बांधा. असा डबा प्रत्येक गटाबरोबर असलाच पाहिजे. बाहेर काढल्यावर उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढायच्या भानगडीत पडू नका, वेळ जातो आणि ओकारी श्वासनलिकेत जाते. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध 5-6 सेंटिमीटर खोल 30 दाब, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने, मग 2 श्वास. 108 येईपर्यंत थांबायचं नाही.

पालकांच्या संमतीपत्रात रक्तगट आणि सिकलसेलची माहिती भरून घ्या. सिकलसेल असलेल्या मुलाला थंडी, दमणूक आणि पाणी कमी पडणं, तिन्ही त्रासदायक, आणि तोरणमाळला रात्री गारठा असतो. त्याला स्वेटर, स्वतःची पाण्याची बाटली, आणि चढाच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे चालायला लावा. मागे पडला की तो धावत गाठायला बघतो.