मदत हवी आहे: लोकल प्रवाशांचं समाधान मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. एमबीएच्या प्रकल्पासाठी मी कल्याण–सीएसएमटी लोकल सेवेचा दर्जा तपासतेय. आधार सर्व्हक्वालचा, म्हणजे पारसुरामन, झाइथामल आणि बेरी यांच्या १९८८ च्या २२ विधानांच्या प्रश्नावलीचा. तीत अपेक्षा आणि अनुभव वेगवेगळे विचारून त्यांतली तफावत काढतात.

अडचण अशी की रोजच्या प्रवाशाची अपेक्षाच खाली गेलेली असते. ‘बसायला जागा मिळेल’ याला तो पाचपैकी एक गुण देतो आणि अनुभवालाही एकच. तफावत शून्य, म्हणजे कागदावर तो समाधानी! डोंबिवलीहून दारात लोंबकळत येणाऱ्या माणसाला समाधानी ठरवणं मला अजिबात पटत नाही.

क्रोनिन आणि टेलर यांची १९९२ ची सर्व्हपर्फ पद्धत फक्त अनुभव मोजते. इथे ती जास्त योग्य ठरेल का? गर्दी आणि वक्तशीरपणा यांना स्वच्छतेपेक्षा जास्त भार कशाच्या आधारावर द्यावा? सेकंड क्लास, महिला डबा आणि एसी लोकल यांचे निकाल वेगळेच मांडणार आहे.

आणखी एक: ऐन गर्दीत फॉर्म कोण भरणार? दुपारी विचारलं तर खरा त्रास नोंदलाच जात नाही. असं सर्वेक्षण कुणी केलं असेल तर प्रवाशांना कुठे आणि कधी गाठलंत, ते कृपया सांगा.