बँड जोरात, मंडळी गप्प: चर्चमधल्या नव्या गाण्यांचं करायचं काय?

जुना जालनेकर

गिटारशी आणि ड्रमशी माझं भांडण नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात मला म्हातारा ठरवून मोकळे व्हाल. भांडण आहे ते मंडळीनं गाणं सोडलं याच्याशी.

जालना, संभाजीनगर, परभणी, बीड, कुठंही रविवारच्या उपासनेला जा. पुढं पाच-सहा पोरं. कीबोर्ड, बास गिटार, काजोन (वर बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका) नाहीतर अख्खा ड्रमसेट, दोन मुली माईकवर, भिंतीवर प्रोजेक्टरनं शब्द. आणि मंडळी उभी राहून नुसती बघतेय. पहिल्या कडव्याला चार-दोन जण ओठ हलवतात. कोरस आला की गाणारा मुलगा एकदम वरच्या सप्तकात उडी घेतो, तिथं महिला मंडळाच्या बायका तर सोडाच, पाळकसाहेबही थांबतात. त्यानंतर तीच ओळ आठ-दहा वेळा. आणि पुढच्या रविवारी नवीन गाणं, कारण यूट्यूबवर नवीन आलंय.

गाणी कुठली, तर सिडनीच्या हिलसाँग चर्चची नाहीतर कॅलिफोर्नियातल्या रेडिंगच्या बेथेल चर्चची. इंग्रजीत, हिंदीत, कधी ओढूनताणून मराठीत. बेथेल म्हटलं की पोरांना ते रेडिंगच आठवतं. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात आपल्या जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं होतं, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नसतं.

थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही. मिशनऱ्यांच्या काळात आपल्या लोकांच्या तोंडी बरीच गीतं भाषांतरित होती, चालीही विलायती. कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली गेले. एवढ्या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग, ओवी, भजन या वळणाची गीतं मंडळीच्या हाती दिली. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं तोही पुस्तकाशिवाय गायला लागला. आज आपण पुन्हा विलायती चालीवर भाषांतर बसवतोय आणि त्याला 'नवं' म्हणतोय.

माझं म्हणणं एवढंच: रविवारी चार गाणी होत असतील तर दोन 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली घ्या. पट्टी मंडळीला झेपेल ती. आणि एक नवं गाणं धरलं की ते महिनाभर सोडू नका.

परभणीची बासवाली

काका, एक-दोन गोष्टी पटल्या, बाकीच्या अजिबात नाहीत.

पट्टीचं शंभर टक्के खरं. मूळ गाणारा टेनर (उंच पुरुषी आवाजाचा), त्याच्या गळ्याला शोभेल अशा पट्टीत रेकॉर्डिंग झालेलं, आणि आमची पोरं तेच जसंच्या तसं उचलतात, कारण ट्यूटोरियल त्याच पट्टीत असतं. स्त्री-पुरुष मिळून गाणार असतील तर वरचा स्वर 'डी'च्या पुढं फारसा जाऊ नये, हे जगभरच्या वर्शिप लीडरना शिकवतात. 'बी'तलं गाणं 'जी'त उतरवलं की आमच्या चर्चमधल्या आज्यासुद्धा गातात, मी डोळ्यांनी बघितलंय. एखादी पट्टी अवघड पडली की गिटारवाले कुरकुरतात, त्यांना कॅपो (तारांवर लावायचा पट्टी बदलणारा चिमटा) लावायला सांगायचं.

पण "मंडळीनं गाणं सोडलं" याचं सगळं खापर आमच्या डोक्यावर कामून? आम्ही यायच्या आधी मंडळी दणादण गात होती का? मी संडे स्कूलमध्ये होते तेव्हा पुढच्या दोन बाकांवरचे गायचे, बाकीचे पुस्तकाची पानं उलटत बसायचे. एकेक कडवं इतकं ओढायचे की लेकरं झोपून जायची. आमच्या पेटी मास्तरांची बदली झाली तेव्हा कमिटीनं दुसरा माणूस बघितला का? पेटी कपाटात आहे. भाता फाटलाय, तीन सूर दाबले की खालीच राहतात. आम्हाला कुणीही, अगदी कुणीही, पेटी शिकवली नाही. गिटार आम्ही मोबाईलवर शिकलो, स्वतःच्या पैशानं घेतली. शनिवारी सात ते नऊ प्रॅक्टिस असते, त्यात दोघं कंपनीतून थेट येतात, जेवण न करता.

आता 'जुनी गाणी घ्या' म्हणता. घेऊ की. पण चाल कुणाकडून शिकायची? 'उपासना संगीत'मध्ये शब्द आहेत. चाल तुमच्या गळ्यात आहे आणि तुम्ही शनिवारी येत नाही.

निवृत्त मास्तर, बीड

जालनेकरांनी फार सौम्य लिहिलं. मी सौम्य लिहिणार नाही.

उपासना आहे का गॅदरिंग? प्रार्थना चालू असताना एक मुलगा मोबाईल उभा धरून रील काढतो. लाल-निळे दिवे. पाळक वचन वाचतात तेव्हाही मागं कीबोर्डवर एकच सूर धरून ठेवलेला, का तर 'वातावरण' तयार होतं. पवित्र आत्म्याला वातावरण तयार करायला कीबोर्ड लागतो का? आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव स्पष्ट म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर न्या. तो अध्याय तरुण संघाच्या अभ्यासात कधी घेतात का, विचारा.

उदगीरकर

मास्तर, आमोसाचं ते वचन पूर्ण वाचा. पुढच्याच ओळीत न्याय पाण्यासारखा वाहू द्या असं आहे. देवाचा राग वाद्यांवर नव्हता, गरिबांना लुबाडून वर भजनं म्हणणाऱ्यांवर होता. आणि वाद्यांचंच बोलायचं तर स्तोत्र १५० घ्या. शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्यं, मोठ्यानं वाजणाऱ्या झांजा, वर नाच. त्यापुढं आपला ड्रमसेट काहीच नाही.

दुसरं. 'पेटी आपली, गिटार परकी' हे जे वारंवार ऐकायला येतं त्याची मला गंमत वाटते. हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ नावाच्या माणसानं घेतलं. आपल्याकडं ती विलायतेहून आली, मिशनऱ्यांच्या सामानातूनही आली, आणि खाली बसून वाजवता यावी म्हणून इथं तिला हाताचा भाता लागला. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली हीच पेटी परकी म्हणून बंद केली, ती बंदी १९७१पर्यंत होती. म्हणजे आज जी 'आपली' म्हणून कवटाळताय तिला तीस वर्षं रेडिओत शिरता येत नव्हतं. गिटारलाही अशीच पन्नास वर्षं द्या, तुमचे नातू तिच्यासाठी भांडतील.

जुना जालनेकर

उदगीरकर, इतिहास बरोबर, पण माझ्या मुद्द्याला हात लावला नाहीत. पेटी कुठून आली हे मी विचारलंच नव्हतं. पेटी वाजली की मंडळी गायची, कारण पेटी गळ्याच्या मागं चालते. बँड गळ्याच्या पुढं चालतो. आणि गाण्याची ओळ समेवर न येता अर्धी मात्रा आधी किंवा नंतर उचलायची, ही नव्या गाण्यांची खोड. केरव्यावर वाढलेला माणूस तिथं हमखास चुकीच्या जागी शिरतो, मग लाजून गप्प बसतो. हे दर रविवारी घडतं.

छावणीकर

मी कॅथलिक, त्यामुळं हे भांडण आमच्याकडं थोडं वेगळं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली उपासनेचा जाहीरनामा काढला, लोकभाषेला दार उघडलं आणि मिशनच्या प्रदेशात तिथल्या लोकांच्या संगीताला मान द्या असं लिहून ठेवलं. त्यामुळं आमची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, मराठीत, ढोलकी-तबल्यासकट. तरुणांचा गिटारचा ग्रुप आहेच. पण मिस्साचा क्रम ठरलेला असल्यानं गाणं लांबवायला जागाच नसते. अर्पणाचं गीत अर्पण संपलं की संपलं. तुमच्याकडं सलग चाळीस मिनिटं 'वर्शिप टाइम' असतो, अर्धं दुखणं तिथं आहे असं मला वाटतं.

एक व्यावहारिक गोष्ट. इंग्रजांच्या काळातल्या दगडी चर्चमध्ये छत उंच, भिंती टणक. आवाज घुमत राहतो. एकट्या गळ्यासाठी, ऑर्गनसाठी ती जागा उत्तम. तिथं ड्रमसेट लाकडी काड्यांनी बडवला की शब्द चिखलात जातात. काड्यांऐवजी ब्रश घ्या, किंवा काजोन. स्पीकर मंडळीच्या डोक्याच्या वर लावून खाली तोंड करा, मागच्या भिंतीवर मारू नका. निम्मी भांडणं मिक्सरवरच मिटतील.

निवृत्त मास्तर, बीड

निम्मी. उरलेली निम्मी मिक्सरवर मिटणारी नाहीत.

हलगीवाल्याचा नातू

दोन दिवस वाचतोय. 'आपली चाल', 'आपलं वाद्य' हे शब्द इथं सगळे फार सहज वापरतायत, म्हणून लिहितो.

आमचं घर मातंग. आजोबा गावात हलगी वाजवायचे. लग्नाच्या वरातीला, मरीआईच्या जत्रेला, मयतीच्या पुढं. बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. मोबदला म्हणजे पसाभर धान्य नाहीतर उरलंसुरलं अन्न, तेही वरून टाकलेलं. बाप्तिस्मा झाला त्या वर्षी आजोबांनी हलगी आढ्याला टांगली ती पुन्हा काढली नाही. मिशनऱ्यानं सांगितलं म्हणून नव्हे. त्या हलगीसोबत जे काही येत होतं ते त्यांना परत घरात नको होतं.

आता तुम्ही म्हणता 'आपल्या परंपरेकडं चला'. टिळक थोर, त्यांची गीतं माझ्या आईच्या तोंडी आहेत. पण ती परंपरा वारकरी अभंगाची आणि कीर्तनाची, तीही एका ब्राह्मण कवीच्या हातून आलेली. माझ्या आजोबांची परंपरा आढ्याला होती. ती कुणी चर्चमध्ये मागितली नाही. ढोलकी चालली, तबला चालला, हलगी कधीच नाही.

मी ड्रमसेट वाजवतो. त्यावर बसलो की मला कुणी विचारत नाही की तुमच्यात हे पूर्वीपासून आहे का. तबल्यावर बसलेल्या माझ्या चुलत्याला विचारलं होतं, तेही चर्चच्याच माणसानं. सिडनीचं गाणं मला परकं वाटत नाही, उलट त्याला माझं आडनाव माहीत नाही हे बरं वाटतं.

लातूरची सून

हा प्रतिसाद दोनदा वाचला. धागा इथंच वेगळा झाला.

जुना जालनेकर

नातू, तुमचं दुःख मी खोटं म्हणणार नाही, आणि हलगीबद्दल मंडळ्यांनी विचारच केला नाही हेही खरं. पण टिळकांवरचा मुद्दा मान्य नाही. गीतं त्यांनी लिहिली, पण शंभर वर्षं गायली कुणी? आपल्याच बायांनी. दुष्काळात खडी फोडताना, मिशनच्या दवाखान्यात रात्रपाळीला, मयतीच्या घरी. आता ती त्यांची झाली, तुमच्या आईची झाली. 'ब्राह्मण कवीची' म्हणून ती परत करायला निघालात तर हातात उरेल काय? रेडिंगचं गाणं? त्यालाही कुणाची तरी जात-जमात आहे, फक्त आपल्याला दिसत नाही एवढंच.

नोटरी

विषय थोडा बाजूला नेतो, पण कामाचं आहे. उपासनेत कुणाचंही गाणं गायलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही. १९५७च्या कायद्याच्या कलम ५२मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतल्या गायन-वादनाला सूट आहे. मात्र तेच गाणं मराठीत आणून, रेकॉर्ड करून, चर्चच्या चॅनेलवर चढवलं की ती सूट पुरत नाही. भाषांतराचा हक्क मूळ मालकाचा. तुमच्या व्हिडिओवर 'क्लेम' येतो तो सैतानाचा हल्ला नसतो. टिळकांच्या शब्दांना ही अडचण नाही, मुदत कधीच संपली. त्यांना नवीन चाल लावा, बँडवर वाजवा, चॅनेलवर टाका, कुणी विचारणार नाही.

परभणीची बासवाली

नोटरी काका, हे भारी सांगितलंत. आमचे दोन व्हिडिओ असेच आवाज बंद करून पडलेत.

जालनेकर काका, तुमची दोन गाण्यांची अट मला चालेल, पण माझ्याही अटी. चाल शिकवायला तुम्ही नाहीतर तुमच्या वयाचं कुणी तरी शनिवारी यायचं. आणि पेटीचा भाता मंडळीच्या पैशातून दुरुस्त करायचा, अर्पणाच्या वेळी तरुण संघाला टोमणा मारून नाही.

नातू दादा, तुम्ही परभणीच्या आसपास असाल तर शनिवारी सातला याल का? एक जुनं गीत काजोनवर बसवतोय आणि आमच्या पोराचा केरवा सारखा पळतो. हलगी नको तर नको, हात तर दाखवा.

हलगीवाल्याचा नातू

परभणीतच आहे. सातला जमणार नाही, साडेसातला सुटतो. आठला येतो. पण वाजवणार ड्रमसेटच.

निवृत्त मास्तर, बीड

ब्रशनं वाजवा.