युनोच्या विकासात पोप अन् मौलाना कामून?

मांजराकाठचा: काल इथं कुणीतरी टाकलं, 'धर्म घरात ठेवा, शाश्वत विकास शास्त्रज्ञांवर सोडा.' राहवलं नाही म्हणून लिहितो. 25 सप्टेंबर 2015 ला युनोत शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं मंजूर झाली, त्याच दिवशी तिथं पोप फ्रान्सिस बोलले. जूनमध्ये त्यांचं पर्यावरणावरचं पत्र आलेलं, ऑगस्टात इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी हवामानाचा जाहीरनामा काढला, मग डिसेंबरात पॅरिस करार. आकडे शास्त्रज्ञ देतील हो, पण माणूस हलवायचा कुणी? आमच्या गावात कृषी सहायकानं मीटिंग लावली की सतरंज्या मोकळ्या, अन् सप्त्यात बुवांनी एकदा नाल्याचं नाव काढलं तर दुसऱ्या दिवशी पोरं टोपले-फावडे घेऊन हजर.

बीडकर: अर्धंच सांगायलास. 1994 ला कैरोच्या लोकसंख्या परिषदेत पोपचं व्हॅटिकन अन् काही मुस्लिम देश गर्भपात, संततिनियमनाच्या शब्दाशब्दावर अडून बसले ते कोण सांगणार? बाईच्या शरीराचा विषय आला की सगळे धर्म एका सुरात. माझी मावशी ऊसतोडीला जायची. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, म्हणून ऐन तिशीत एका खाजगी दवाखान्यात गर्भाची पिशवी काढून आली. आता कंबर धरून बसलेली असते.

मांजराकाठचा: मावशीचं वाईटच झालं. पण पिशवी पोपनं काढली का मुकादमानं? कायपण जोडू नका.

लातूरची सून: मूळ रोग ऊस आहे!! 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी रात्री दोनला टँकरपाशी घागरी लावून उभी होते, अन् शिवारात ऊस हिरवागार. ते कुठल्या धर्मात बसतं?

ऊसवाला_परभणी: ताई, शिव्या शेतकऱ्यालाच का? उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, तरी आहे, सोयाबीनचा हमीभाव नुसता कागदावर, व्यापारी ओल दाखवून पाडून मागतो. भाव द्या, उद्या ऊस मोडतो.

लातूरची सून: भावाचं खरंय, मान्य. पण बोअर किती खोल नेणार? तुमच्या उसापायी शेजाऱ्याची विहीर आटली त्याचं काय?

ऊसवाला_परभणी: माझ्याकडं ठिबक आहे. आधी बघा, मग बोला.

बीडकर: ऊस-ऊस करून विषय बुडवू नका बे. बुवांच्या शब्दानं पोरं हलतात, घ्या, मानलं. मग तेच बुवा पाळीत रजा द्या, पैसे कापू नका असं मुकादमाला भर कीर्तनात का सांगत नाहीत?

मांजराकाठचा: मुकादम सप्त्याची मोठी वर्गणी देतो म्हणून. हे तुझं बरोबर आहे. पण म्हणून बुवांना बाहेर काढून चालणार नाही, त्यांच्याकडूनच वदवून घ्यावं लागेल.