मदत हवी आहे: 'मिशन इम्पॉसिबल' (१९९६), नायक ईथनला (टॉम क्रूझ) फेल्प्सचा संशय नेमका कधी येतो?

सिनेमा पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फोडलंय.

मी आधी जुनी मालिका पाहत होतो, ब्रूस गेलरची, १९६६ ते ७३ मधली. त्यातला हेरांच्या पथकाचा प्रमुख, पीटर ग्रेव्ह्जचा जिम फेल्प्स, म्हणजे बर्फासारखा थंड माणूस. कामगिरी सांगणारी टेप ऐकायची, फोटो चाळायचे, पाच सेकंदांत टेपचा धूर, की लागला कामाला. हाणामारी कमीच, सगळी बनवाबनवी. आणि ब्रायन डी पाल्माच्या सिनेमात तोच फेल्प्स (इथे जॉन व्हॉइट) फितूर? माझं डोकंच फिरलं. मालिकेतला बार्नी, म्हणजे ग्रेग मॉरिस, सिनेमा अर्धवट सोडून उठला होता म्हणतात, ते पटतं. पण तो वाद आता नको.

अडलंय ते लंडनच्या स्टेशनवरच्या प्रसंगात. प्रागच्या मोहिमेत पथकासोबत मेला असं समजलेला फेल्प्स अचानक ईथनसमोर उभा राहतो आणि सांगतो की गद्दार म्हणजे त्यांच्या संस्थेचा वरिष्ठ अधिकारी किट्रिज आहे. ईथनही मान डोलावतो आणि किट्रिजने हे कसं घडवलं असेल ते बोलत जातो. पण पडद्यावर प्रत्येक ठिकाणी दिसतो फेल्प्स! लिफ्टची करामतही त्याचीच, पुलावर हाताला रक्त फासणाराही तोच.

हे ईथनला बोलता बोलता उमगतं की आधीच ठाऊक असतं? आणि मोटारीच्या स्फोटात आधी क्लेअर (फेल्प्सची बायको) दिसते, मग तेच तिला वगळून पुन्हा दिसतं, ते कशासाठी?

प्रतिसाद १
आधीच ठाऊक असतं. बायबल आठवा. गद्दार मॅक्सशी (चोरलेली गुपितं विकत घेणारी दलाल) 'जॉब ३:१४' या नावाने बोलत असतो. जॉब हा बायबलमधला एक भाग, म्हणून ईथन बायबल उघडतो. स्टेशनवर जायच्या जरा आधी त्याला त्यावर शिकागोच्या ड्रेक हॉटेलचा शिक्का दिसतो. प्रागच्या बैठकीत चेष्टामस्करी चालली असताना फेल्प्सच सांगतो की तो ड्रेकमध्ये उतरला होता. वाक्य इतक्या सहज येतं की कान टवकारलेले नसतील तर निसटतंच. म्हणजे स्टेशनवर ईथन फक्त तोंडाने किट्रिज म्हणतोय. आपल्याला दिसतं ते त्याच्या डोक्यातलं.

धागाकर्ता
अरे हो, शिक्का पाहिला होता, पण बैठकीशी जोडलाच नाही! धन्यवाद. आणि क्लेअरचं?

प्रतिसाद २
तिथे तो स्वतःचीच समजूत घालतोय. ती यात नसावी असं त्याला मनापासून वाटतं, म्हणून तिला वगळून बघतो. खात्री करून घेतो ती पुढे रेल्वेगाडीत, सामानाच्या डब्यात. फेल्प्सचा मुखवटा चढवून तिच्यासमोर बसतो आणि ती नवऱ्याशी बोलावं तसं घडाघडा बोलून जाते. मुखवट्याची ही युक्ती थेट मालिकेतली. फेल्प्सला कशानेही माफ करू नका, पण तेवढ्यासाठी सिनेमाला थोडे गुण द्या.

धागाकर्ता
पाच गुण देतो. दहापैकी नाही, शंभरपैकी.